ऑटम म्हणजे शरद नव्हे

इंग्रजीच्या तासाला 'ऑटम' हा शब्द आला की वहीच्या समासात आपण सगळे एकच मराठी शब्द लिहितो, शरद. परीक्षेत त्याला मार्क मिळतात, त्यामुळे पुढे कोणी विचारत नाही. मग ऑक्टोबरचा अंक निघतो तेव्हा मुखपृष्ठावर मेपलचं लालभडक पान असतं आणि आत निदान दोन कवितांत 'शरदातली पानगळ' असते. संपादक मंडळींनो, रागावू नका. पण ऑक्टोबरात पेडण्यात किंवा डिचोलीत कुठल्या झाडाची पानं गळतात ते मला कोणीतरी दाखवावं. तेव्हा तर रान इतकं हिरवं असतं की वाटेवरचं गवत कमरेला लागतं.

ही शंका मला आधीपासून होती. गेल्या मे महिन्यात सेमिस्टरची परीक्षा संपवून मी मेलबर्नला मावशीकडे पाच आठवडे राहून आले, तेव्हापासून ती शंका राहिलेली नाही, मत झालं आहे. ते असं, की ऋतूचं नाव दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललं की समोरचा ऋतू आपल्याला दिसेनासा होतो. आणि याबाबतीत दक्षिण गोलार्धात गेलेली आपली माणसं आपल्यापेक्षा पुढे आहेत, कारण त्यांना बघावंच लागतं.

आधी इंग्रजी ऑटमचंच बघू. कीट्सची 'टू ऑटम' ही कविता आपल्यातल्या बऱ्याच जणांनी अभ्यासली आहे. सप्टेंबर १८१९ मध्ये विंचेस्टरला लिहिलेली. ती पुन्हा एकदा वाचा. तिच्यात पिकून जड झालेली फळं आहेत, कापणी आहे, सफरचंदांचा रस गाळणं आहे, शेवटी उडून जायला जमलेले पक्षी आहेत. पानगळ जवळजवळ नाहीच. म्हणजे इंग्रजांच्या ऑटममध्ये निदान चार गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत : कापणी, पानगळ, थंडीची चाहूल आणि गेलेल्या माणसांची आठवण. २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस तिकडे धुक्यात आणि उघड्याबोडक्या झाडांखाली येतो, त्यामुळे तो त्या गाठोड्यात आपोआप बसतो.

आमच्याकडे हे गाठोडं सुटतं आणि त्यातल्या वस्तू वर्षभर विखुरतात. कापणी खरोखर शरदात होते. पावसाळी भाताच्या पिकाला गोव्यात नावच मुळी 'सरद' आहे, आणि त्यानंतर पाण्यावर घेतात ते 'वायंगण'. मोरड असो, खेर असो की खाजन, शेतकऱ्याच्या तोंडी शरद हा ऋतू म्हणून येत नाही, पीक म्हणून येतो. याच दिवसांत पेडण्याची पुनव असते. कोजागरीच्या रात्री भूतनाथाला एका रात्रीत देऊळ बांधून हवं असतं, तो हट्टाने रानाकडे धावतो आणि लोक त्याची समजूत काढून त्याला परत आणतात. ती पुनव म्हणजेच शरद पौर्णिमा. कॅथलिक घरातली असले तरी लहानपणी शेजाऱ्यांबरोबर ती पाहायला मी गेलेली आहे. त्या गर्दीत घाम येतो. पायाखाली वाळलेलं पान एकही नसतं.

पानं गळतात ती माघ-फाल्गुनात, म्हणजे शिशिरात. सागाची मोठाली पानं फेब्रुवारीत खाली यायला लागतात तेव्हा आवाज होतो. सांवर, म्हणजे मराठी पुस्तकातली शेवरी, सगळी पानं टाकून नुसत्या लाल फुलांनी उभी असते. अंगणातल्या चाफ्याच्या फांद्या हाडांसारख्या दिसतात. आणि या गळलेल्या पानांना आमच्याकडे शब्द आहे, पातेरो. झाडून गोळा केलेला पातेरो चुलीला लागतो, मशागतीआधी जमीन भाजायला लागतो. आमची माय, म्हणजे आईची आई, त्या दिवसांत रोज सकाळी हिराची झाडू घेऊन फणसाखालचा पातेरो काढायची. झाडूचा तो आवाज हाच आमच्या घरचा पानगळीचा ऋतू. तो कुठल्याच पाठ्यपुस्तकात आला नाही.

राहिली थंडी. ती डिसेंबर-जानेवारीत पहाटेपुरती येते आणि जाते. मृतांचा दिवस येतो तेव्हा आम्ही पावसाने माजलेलं गवत कापून सिमितेर साफ करत असतो. हातांना हिरवा वास येतो.

म्हणजे एकाच शब्दातल्या गोष्टी सप्टेंबर ते मार्च अशा सात महिन्यांत पसरल्या आहेत, आणि समासात आपण लिहितो शरद.

आता मेलबर्न. निघाले ते मोपाच्या विमानतळावरून. तो सडा पूर्वी काजूंचा होता, हे पेडण्यातल्या कोणालाही सांगायला नको. इथे ३४ अंश, फणस पिकून फुटलेले. तिथे उतरले तर सकाळी ९ अंश. ऑस्ट्रेलियात ऋतू तारखेवर चालतात : १ मार्चला ऑटम सुरू, ३१ मेला संपला. मी पोचले तेव्हा त्यांचा ऑटम शेवटाला आला होता. संध्याकाळी सव्वापाचला सूर्य मावळायचा. दिवसा तो उत्तरेच्या आकाशातून जायचा, म्हणून मावशी कपडे घराच्या उत्तर बाजूला वाळत घालते आणि घर विकत घेताना लोक उत्तरेच्या खिडक्या बघतात. (गंमत म्हणजे मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत गोव्यातही भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. आपण वर बघत नाही, एवढंच.) रात्री चंद्रावरचा ससा डोक्यावर उभा राहिलेला दिसला. मावशी म्हणाली, "हांगा सगळें उरफाटें. सवय जाता."

तिच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एल्मची झाडं आहेत. पिवळीजर्द. पहिले दोन दिवस मी फक्त फोटो काढले, घरच्या ग्रुपवर पाठवले, आणि लगेच उत्तरं आली : 'वॉव, रिअल ऑटम.' रिअल हा शब्द मला तेव्हाच खटकला. कारण तो ऑटमही तिथला नाहीच. ऑस्ट्रेलियातली स्वतःची झाडं, म्हणजे मुख्यतः निलगिरीच्या जाती, बारा महिने हिरवी असतात. पानांऐवजी त्यांतली बरीच झाडं साल टाकतात. सालीच्या लांब पट्ट्या खोडावरून लोंबत असतात. थंडीआधी पानं रंगवून गाळणारं तिथलं मूळचं झाड एकच सांगतात, तेही मुख्य भूमीवर नाही, टास्मानियाच्या डोंगरांत. त्याला फॅगस म्हणतात. एल्म, ओक, प्लेन ही सगळी युरोपातून आलेल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात लावलेली, घरची आठवण म्हणून. पुढे एल्मला बुरशीचा रोग लागून युरोपात आणि अमेरिकेत कोट्यवधी झाडं मेली. ऑस्ट्रेलियात तो रोग पोचला नाही. त्यामुळे आज एल्मच्या जुन्या रांगांतला इंग्लिश ऑटम बघायचा तर इंग्लंडपेक्षा मेलबर्न बरं, अशी अवस्था आहे.

पण त्या झाडांनी एक गोष्ट केली जी माणसांनी केली नाही. इंग्लंडातला एल्म ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिवळा होतो, मेलबर्नमधला एप्रिल-मेमध्ये. झाडाने कॅलेंडर आणलंच नव्हतं. उजेड कमी झाला, रात्री गार झाल्या, पानं सोडली. आमचा काजूही तसाच. तो मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला. ब्राझीलच्या ईशान्य भागात काजूचा हंगाम साधारण सप्टेंबर ते जानेवारी. इथे आल्यावर त्याने पेडणे, डिचोली, सत्तरीच्या डोंगरांवर फेब्रुवारी ते मे असा हंगाम धरला, आणि नीरो, हुर्राक यांचं वेळापत्रक त्याप्रमाणे लागलं. दक्षिण गोलार्धातून आलेला हा पाहुणा आता इतका घरचा झाला की काजूचे दिवस हा आमच्याकडे ऋतूच आहे.

मेलबर्नच्या परिसरात युरोपियन येण्याआधीपासून राहणाऱ्या वुरुंजेरी लोकांचे ऋतू सात आहेत, आणि त्यांत चार सारखे तुकडे नाहीत. मार्च महिना ईल माशांचा, कारण तेव्हा ते नदीतून समुद्राकडे जातात. एप्रिल ते ऑगस्ट असा लांबलचक गारठ्याचा ऋतू वॉम्बॅट या प्राण्याच्या नावाने. ऑक्टोबर बेडकांच्या पिल्लांचा. म्यूझियममध्ये हे वाचताना मला डिचोली आठवली. तिथे कित्येक वर्षं एक जादा ऋतू होता, ट्रकांचा. पाऊस संपला की ऑक्टोबरात खनिजाची वाहतूक सुरू व्हायची आणि मेपर्यंत रस्त्याकडेची झाडं तांबडी दिसायची. पहिला पाऊस पडला की पानं धुतली जायची. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधे सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या. डिचोलीतला माझ्या वयाचा कोणीही सांगेल की लहानपणी ऋतू धुळीच्या रंगावरून कळायचा. यावर मी एकही मराठी कविता वाचलेली नाही. मेपलवर मात्र वाचल्या आहेत.

आता सणांकडे येते, कारण खरा पेच तिथे आहे. झाडाचं ठीक आहे, त्याला फक्त उजेड कळतो. माणसाबरोबर पंचांग जातं.

ईस्टरची तारीख २१ मार्चच्या आणि त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या हिशेबाने ठरते. २१ मार्च म्हणजे उत्तरेत वसंताची सुरुवात. अंडी, ससे, फुलं ही सगळी चिन्हं त्या वसंताची. दक्षिणेत तोच ईस्टर पानगळीत येतो. जगात सर्वांत जास्त कॅथलिक ज्या देशात आहेत त्या ब्राझीलमध्ये येतो, अर्जेंटिनात येतो, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये येतो. ऑस्ट्रेलियात तर ससा ही शेतीची कीड, म्हणून तिथे चॉकलेटचा बिल्बीही मिळतो. बिल्बी हा लांब कानांचा तिथला प्राणी. मला हे फार आवडलं. न्यूझीलंडमध्ये नाताळ भर उन्हाळ्यात, तेव्हा पोहुतुकावा नावाचं झाड लाल फुलांनी भरतं, तर लोकांनी त्यालाच ख्रिसमस ट्री म्हटलं. त्याच देशाने २०२२ पासून मातारिकी, म्हणजे माओरी लोकांचं भर हिवाळ्यात येणारं नवीन वर्ष, याची सार्वजनिक सुट्टी द्यायला सुरुवात केली.

आपल्याकडच्या काही जणांना हे ऐकून त्या लोकांची कीव येते. ईस्टरला पानगळ, अरेरे. मी म्हणते, आपण गोव्यातले कॅथलिक चारशे वर्षांहून जास्त काळ हेच करत आलो आहोत. रायच्या चर्चचं नाव हिमाची सायबीण. रोममध्ये ऐन ऑगस्टात बर्फ पडल्याची आख्यायिका आहे, तिचा हा सण ५ ऑगस्टला. रायला त्या दिवशी धो धो पाऊस असतो आणि लोक नवीन भाताची कणसं आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात. कोणसांचं फेस्त. बर्फाच्या नावाने कणसं. त्यात कोणाला काही विचित्र वाटत नाही. नाताळच्या गोठ्यात आपण एका बाजूला कापसाचा बर्फ लावतो आणि दुसऱ्या बाजूला ताटात उगवलेली नाचणी ठेवतो, हिरवीगार. मला विचाराल तर नाचणी खरी. कापूस आपण ख्रिसमस कार्डांवरून घेतला.

इथे फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण काढायला हवी. आपल्या मंडळात ख्रिस्तपुराणावर दरवर्षी एखादं भाषण होतं, पण हा भाग सहसा येत नाही. हा इंग्रज माणूस ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. युरोपात भर उन्हाळा होता त्या जुलैत तो दक्षिणेच्या हिवाळ्यात केप ऑफ गुड होपला वळसा घालत होता. त्या प्रवासाचं वर्णन करणारं पत्र त्याने नोव्हेंबरात वडिलांना लिहिलं, ते आज उपलब्ध आहे. म्हणजे १६१६ मध्ये मराठी ओव्यांत ख्रिस्ताची कथा छापणारा आमचा पहिला मोठा कवी उलट्या ऋतूंतून जाऊन आलेला होता. त्याने उतरून बघितलं ते गोव्याचं शरद, कापणीचे दिवस. त्याच्यानंतर आमचे किती तारवटी तीच विषुववृत्ताची रेघ ओलांडून गेले असतील. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभारच गोव्यातून चालायचा.

आणि फक्त कॅथलिक नाही. मराठी बोलणारी माणसं दक्षिण गोलार्धात पहिल्यांदा आयटीच्या नोकऱ्या घेऊन गेली असा आपला समज आहे. मॉरिशसला ती एकोणिसाव्या शतकातच गेली, मुंबई बंदरातून, ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून. पोर्ट लुईचा ज्या धक्क्यावर हे सगळे मजूर उतरायचे तो अप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्यांच्या वंशजांनी गणपती टिकवला, कोकणातलं जाखडी नृत्य 'झाकरी' म्हणून टिकवलं, शाळांत मराठी टिकवली. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये देशभर सुट्टी असते. पण तिथे भाद्रपद कोरडा असतो. हिवाळा सरत आलेला, ऊसतोडणी चालू, पाऊस नोव्हेंबरनंतर. ओल्या पायवाटा नाहीत, माटोळीला बांधायला पावसाळी रानफळं नाहीत. पावसाशिवाय चतुर्थी ही कल्पना पेडण्यातल्या माणसाला करता येईल का? त्यांनी पिढ्यानपिढ्या केली, आणि चतुर्थी चतुर्थीच राहिली.

मेलबर्नमध्ये मराठी मंडळींचा पाडवा मी पाहिला नाही, मी गेले तेव्हा तो होऊन गेला होता. मावशीच्या शेजारची पुण्याची काकू सांगत होती, गुढी उभारली त्या दिवशी कडुनिंबाची पानं मिळेनात आणि बागेत एल्मची पानं पडायला लागली होती. फोनवर मात्र भारतातून शुभेच्छांचा पूर, वसंत आला, चैत्रपालवी फुटली. "आम्ही पण तेच फॉरवर्ड करतो," काकू म्हणाल्या, "इथल्याइथे." मला हे खटकलं. पाडवा चैत्रातच करावा, त्याला कोणाची हरकत नाही. पण मार्चमध्ये पानं गळताना पाहिलेल्या मराठी माणसाने मराठीत तसं लिहायला काय हरकत आहे? कालिदासाचं 'ऋतुसंहार' ग्रीष्मापासून सुरू होतं आणि वसंतावर संपतं. क्रम कुठूनही धरता येतो. पानगळीतला चैत्र ही मराठीला मिळालेली नवी गोष्ट आहे, आणि ती लिहायची सोय फक्त त्या लोकांकडे आहे. मुलांना पुण्याचा चैत्र शिकवत राहिलो तर ती मुलं खिडकीबाहेर बघून म्हणतील की मराठी चुकीची आहे.

आता मावशीची गोष्ट, जिच्यावरून आमच्या घरी अजून वाद आहे.

माय गेली ऑगस्ट २०२१ मध्ये, पाऊस चालू असताना. ऑस्ट्रेलियाच्या सीमा तेव्हा बंद होत्या. मावशीने आईची अंत्ययात्रा फोनवर बघितली, मधे दोनदा रेंज गेली. त्या वर्षी २ नोव्हेंबरला आम्ही सिमितेरात मेणबत्त्या लावल्या, फोटो पाठवला. मेलबर्नला तेव्हा वसंत. तिच्या रस्त्यावर गुलाब, एल्मला कोवळी पानं, शेजारची मुलं सायकलवर. ती चर्चला गेली, प्रार्थना केली आणि घरी आली. तिला रडू आलं नाही. हे तिने आईला सांगितलं, आणि आईला ते फार लागलं.

रडू तिला आलं पुढच्या मे महिन्यात. अंगणात पानांचा थर साचला होता आणि ती सकाळी झाडू घेऊन बाहेर गेली. तो आवाज झाला. तेव्हापासून दर मे महिन्यात एका सकाळी ती पानं झाडते, मग चर्चला जाऊन मायच्या नावाने मिस सांगते, घरी मेणबत्ती लावते. फोनवर ती 'ऑटम' म्हणत नाही. म्हणते, "आतां हांगा पातेरो पडपाक लागलो." मी तिथे असताना ती सकाळ आली. आम्ही दोघींनी मिळून झाडलं, सहा पिशव्या भरल्या. ती काही बोलली नाही, मीही नाही.

आईचं म्हणणं असं : मायचं वर्ष ऑगस्टात, मृतांचा दिवस नोव्हेंबरात. हा मे कुठून आणला? चर्चने दिवस ठरवून दिलाय तो उगाच नाही. पेडण्यात मेणबत्ती लागते तेव्हाच मेलबर्नलाही लागावी, म्हणजे सगळे एका वेळी एकत्र असतात. ज्याने त्याने आपापल्या झाडाकडे बघून दिवस ठरवला तर उरलं काय?

हा मुद्दा हलका नाही. परदेशात एकट्या पडलेल्या माणसाला तारीखच घरी जोडून ठेवते. मॉरिशसच्या मजुरांनी पावसाची वाट बघत चतुर्थी पुढे ढकलली असती तर ती आज उरली नसती. दक्षिणेतल्या कॅथलिकांनी ईस्टर सप्टेंबरात नेला तर तो वेगळाच सण होईल, आणि तो तिकडे न्यावा असं मला अजिबात वाटत नाही. मावशीही नोव्हेंबरची मेणबत्ती चुकवत नाही. पण तारीख पाळणं वेगळं आणि दुःख कधी येतं ते वेगळं. दुःख हिराच्या झाडूच्या आवाजाला बांधलेलं होतं आणि तो आवाज मेलबर्नला मे महिन्यातच होतो. आईलाही तो ऐकायचा असेल तर फेब्रुवारीत ऐकू येईल, आमच्याच अंगणात. नोव्हेंबरात तोही नाही. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "शिकलीस म्हणून जास्त बोलू नको." वाद तिथेच आहे.

माझ्यापुरतं सांगायचं तर ऑटमचं मी ऐकलेलं सगळ्यांत बरं भाषांतर मावशीचं आहे. ते तिने शब्दकोशातून घेतलं नाही आणि गोव्यातल्या फेब्रुवारीचा शब्द मेलबर्नच्या मेला लावताना ती अडखळली नाही, कारण तिने तारखेकडे बघितलं नाही, खाली बघितलं.

आपल्या मंडळाकडे एक मागणी आहे. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ सालचं. महिन्या-महिन्याने झाडं, फुलं, आकाश बघून लिहिलेलं. तसं पेडण्याचं किंवा डिचोलीचं पुस्तक मला लायब्ररीत सापडलं नाही. पुढच्या ऑक्टोबरच्या अंकात मेपल नको. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या गावातला एक महिना लिहून आणावा, घरात त्याला जे म्हणतात त्याच नावाने. शिरगावच्या मुलांनी लईराईच्या जत्रेच्या वेळचा मोगरा लिहावा. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचं फेस्त त्याच सुमाराला असतं आणि दोघी बहिणी मानतात, तेव्हा म्हापशाच्या मुलींनी तोच मोगरा त्यांच्या बाजूने लिहावा. हरमल-मोरजीवाल्यांनी शॅक उतरवतात ते दिवस लिहावेत, तोही ऋतूच आहे. मयेवाल्यांनी तळ्याचं पाणी. ज्यांची भावंडं मेलबर्न, ऑकलंड, सिडनीला आहेत त्यांनी तिकडून एक पान मागवावं, मराठीत, तिथल्या मार्चचं. भाषा शुद्ध नसली तरी चालेल, कोंकणी मिसळली तरी चालेल.

फेब्रुवारी मी घेतलाय. तो कोणी मागू नये.